वापर : शून्य

सीप्झच्या चौथ्या मजल्यावर मला काम लागलं :
सामायिक कपाट आवरायचं.
कपाट म्हणजे लाकडी नाही,
सतरा वर्षांत कुणी कुणी लिहिलेले
दोन हजार एकशे बारा सुटे भाग.
पुढच्यानं पुन्हा लिहू नयेत म्हणून ठेवलेले,
आणि पुढच्यानं
न शोधताच पुन्हा लिहिलेले.

तारीख निवडणारे नऊ.
नऊही तेच कॅलेंडर उघडतात,
एकात फेब्रुवारी जरा लंगडतो.
पिनकोड तपासणारे चार, त्यातला एक
चारशेने सुरू न होणारं गाव मानतच नाही.
'मदत', 'मदत_नवी', 'मदत_नवी_खरी'.
'इतर'च्या आत आणखी एक 'इतर',
त्याच्या तळाशी 'कारखानीस_हात_लावू_नका'.
कारखानीस टोरांटोला गेला त्याला आठ वर्षं झाली.
कुणी हात लावलेला नाही.

कोलासोनं तक्ता दिला :
नाव, काम, मालक, वापर.
"एका भागाला एकच खण," तो म्हणाला,
"नाहीतर सापडणार कसं?"
मी विचारलं, पावती छापणारा भाग
छपाईत ठेवू की हिशेबात?
त्यानं कपातला चहा संपवला.
"तू आधी जिथं शोधशील तिथं."
मी छपाईत शोधलं असतं.
शेजारच्या टेबलावरची रुक्साना, हिशेबात.
कोलासोला न विचारता
मी खण मोडले आणि चिठ्ठ्या चिकटवू लागले,
एकाला दोन, एकाला सात,
लग्नातल्या आहेराच्या पाकिटांवर
माहेर, सासर, गल्ली, ऑफिस लिहावं तशा.

वापर शून्य असलेले
सरळ काढून टाकायचे होते.
सहाशे चाळीस निघाले. काढताना
बोट अडखळलं नाही.
मग आला 'अक्षरी'.
आकडा द्या, तो शब्द देतो.
मालक : दा. तांडेल. वापर : शून्य.

उघडून पाहिला.
मराठी आकड्यांना नियम लावून भागत नाही.
एकोणसाठ, सदुसष्ट, अठ्ठ्याहत्तर,
प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा,
शंभराच्या आतले नव्व्याण्णवही
त्यानं एकेक हातानं बसवलेले.
खाली एक ओळ :
'पाढे म्हणताना आई मारायची तिथं जास्त तपासलंय.'

अडीच वाजता फोन लावला.
पलीकडं बर्फ फोडायचा आवाज.
"वापर शून्य? कोण म्हणतं?
इथं वेसाव्यात संस्थेची डिझेलची बिलं
रोज त्याच्यावर निघतात.
निवृत्त होताना पेनड्राइव्हवर आणला मी.
विचारलं नाही, चुकलंच.
पालघरच्या एका पतपेढीनं
आमच्याकडून नेला. त्यांच्याकडून
कुणी नेला ते त्यांना माहीत."

आमची मोजणी धागे मोजते,
कोण कुणाला बांधलेलं आहे ते.
उचलून नेलेल्याला धागा नसतो.
मी मघाशी काढलेल्या सहाशे चाळिसांची यादी
पुन्हा उघडली
आणि जरा वेळ नुसती वर-खाली केली.

फोन ठेवताना तांडेल म्हणाला,
"एक चूक राहिलीये त्यात.
त्र्याण्णवच्या जागी त्र्याऐंशी छापतो.
वरची ओळ खाली चिकटवली असणार मी.
त्र्याण्णव हजारांचं बिल झालं
तेव्हा जाधवीण भांडायला उभी राहिली,
अक्षरी तेच खरं म्हणाली,
दहा हजार सोडा."

मी 'अक्षरी' ठेवला.
चिठ्ठ्या लावल्या : छपाई, हिशेब, मराठी, बँक.
'वापर'मध्ये शून्य खोडता येत नव्हतं,
तो रकाना यंत्र भरतं.
म्हणून शेरा लिहिला : 'वेसावे. पालघर. पुढचं माहीत नाही.'
कोलासो वाचून काही बोलला नाही,
फक्त पालघरचं स्पेलिंग नीट केलं.

त्र्याण्णव मी दुरुस्त केलं.
इथं केलं. तिथं ते पोचणार नाही.
तिथं तांडेल बिल हातात घेतो,
त्र्याऐंशीवर आडवी रेघ मारतो,
वर निळ्या पेनानं त्र्याण्णव लिहितो
आणि बाजूला सही करतो.